बाराच्या आत

धरणाच्या रस्त्यावर आईने मला सायकलवर मागे टाकलं. अधिकृतपणे असं काही घडलेलं नाही, कारण हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला ताशी बारा किलोमीटरच्या वर जायला मनाई केलीय, आणि आई डॉक्टरांचा शब्द मोडत नाही.

पुलाजवळ ती माझी वाट बघत थांबली होती. "चेन पडली का रे तुझी?"

"तू किती वेगात होतीस?"

"बारा. एक पॉइंटसुद्धा जास्त नाही. मीटर बघ की."

मावशीने अमेरिकेहून पाठवलेल्या त्या मीटरवर बाराच होते. फक्त आकड्याच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, 'मैल' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आपले एकोणीस किलोमीटर. ऑपरेशननंतर जिना चढतानाही माझा हात धरणारी ही बाई तीन महिने रोज एकोणीसने पळत होती, आणि घरी येऊन आज्ञाधारकपणे बिनसाखरेचं दूध पीत होती.

मी डॉक्टरांना फोन केला. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "रिपोर्ट तर उत्तम आहेत," ते म्हणाले. "चालू द्या. पण त्यांना कळू देऊ नका. घाबरून सायकल सोडतील."

उद्या आईला नवा चष्मा मिळतोय. तरी वजनमापे खात्यास नम्र विनंती, की चष्म्याचं दुकान उघडण्यापूर्वी मैलाची लांबी एक किलोमीटर करण्यात यावी. पूर्वलक्षी प्रभावाने.