भिंतीवरचे आप्पा

जेद्दातल्या त्या उंची सिगारच्या दुकानात भिंतीवर दोन मोठे फोटो होते. एक सौदी मालकाचा, हातात सिगार घेतलेला. दुसरा कमरेएवढ्या तंबाखूत उभ्या असलेल्या फेटेवाल्या म्हाताऱ्याचा, आणि त्याखाली पितळी पाटी: 'आमच्या घराण्याची शेती'.

मालकाच्या सात पिढ्यांत कुणी तंबाखूचं रोप पाहिलं नव्हतं. म्हातारा होता निपाणीकडचा, दुकानात झाडलोट करणाऱ्या बाळारामचा बाप. मालकाने गावाकडच्या शेतीचा फोटो मागितला, बाळारामने मोबाइलमधला हाच दिला. हा कोण, हे मालकाने कधी विचारलंही नाही. रोज फडकं मारताना बाळारामला तेवढंच आप्पांचं दर्शन.

त्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. "आप्पा गेलं वो. येतायसा, का आमी उरकून घिऊ?"

मॅनेजर कादिरभाई दापोलीचे. मालकाला फोन लावून ते परत आले, ते नजर चुकवतच. "या आठवड्यात बडे पाहुणे आहेत म्हणतोय. सुट्टी नाही रे, बाळाराम."

भांडायचं बळ बाळारामच्या अंगात कधीचंच उरलं नव्हतं. तिथे सिग्नलवर लग्नघरांसाठी मोगऱ्याचे हार विकतात, त्यातला एक त्याने आणला. स्टुलावर चढून आप्पांच्या फोटोला घातला आणि हात जोडले.

तेवढ्यात मालक आत आला. हार बघून त्याचा चेहरा खुलला.



"वाह, बाळाराम! कल मेरा फोटो को भी ऐसा लगाओ."