बाप्यांचे बूट

"बाप्यांचे बूट आहेत ते, घरात आणायचे नाहीत," सगुणानं सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं. हेमांगीनं मासळीची पाटी सोडून गोरेगावच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हापासून सासू फुगलेलीच होती.

कारखान्यात लोखंडी टोकाचे बूट सक्तीचे, पण बायकांच्या मापाचे नव्हतेच. हेमांगी पुढे रद्दी कोंबून ते घालायची, आणि घरी आल्यावर दाराबाहेर काढायची.

आज सकाळी पाय घातला, तर रद्दी गायब. आत मऊ कापडाची घडी शिवून बसवलेली. हिरवा काठ बघून ती थबकली. सासूनं ट्रंकेत जपलेलं लग्नातलं लुगडं होतं ते.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखे बूट दाराबाहेर काढले. आतून सगुणा खेकसली, "आत घे की गं ते! बाहेर कोणी उचलून नेईल."