उजव्या खिशाचा शर्ट

पाहणी अधिकाऱ्याने हातातलं छायाचित्र जिन्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि तो मागे सरकत गेला. छायाचित्रात दारातून आत येताच उजव्या हाताला जिना होता, डावीकडे खिडकी. इथेही तसंच होतं.

"सावकाश. मागे उंबरठा आहे," थोरली जाऊ म्हणाली.

तिला आताशा उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नसे. पण या घरात कोण कुठे उभं आहे, हे तिला नुसत्या पावलांवरून कळे.

अधिकारी आला होता सरकारी कामाला. ज्या मालिकेपायी तो लहानपणी उशीआडून टीव्ही बघायचा, तिचं शेवटचं दृश्य याच गल्लीत चित्रित झालं होतं; हातातलं छायाचित्र त्याच दृश्यातलं होतं. आता गल्ली रुंद व्हायची होती. दोन बाजूंपैकी एक पाडायची, एक ठेवायची. मालिकेतलं घर ज्या बाजूला असेल ती बाजू राहणार होती, आणि ते ठरवायचं काम त्याच्याकडे होतं.

तसं ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कितीतरी वर्षं मालिकेचे चाहते या घरी येत होते. थोरली भिंतीवरून हात फिरवत त्यांना घर दाखवायची, आणि समोरच्या घरातली धाकटी जाऊ त्यांना शर्ट शिवून द्यायची. अगदी प्रवाशाच्या शर्टासारखा.

प्रवासी म्हणजे मालिकेचा नायक. शेवटच्या दृश्यात तो दुसऱ्या जगातून परत येतो. कॉलर जळलेली, चेहरा काळवंडलेला. जिना उतरतो, क्षणभर थांबतो आणि दाराबाहेर निघून जातो. साऱ्या मालिकेत त्याच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. या एकाच दृश्यात तो उजवीकडे आहे. परत आला तो तोच, की त्याच्या रूपात दुसराच कोणी, यावर चाहत्यांनी घसे कोरडे केले होते.

अधिकाऱ्यालाही ते विचारल्यावाचून राहवलं नाही.

"दुसराच," थोरली म्हणाली. "अहो, नोकरीसाठी परगावी राहून आलेला नवरासुद्धा दुसराच होऊन येतो. हा तर दुसऱ्या जगातून आलेला."

अधिकारी मनापासून हसला. चहाचे कप घेऊन आलेली धाकटीही हसली, पण खाली मान घालून.

चित्रीकरण कोणी डोळ्यांनी पाहिलं होतं का, असं त्याने विचारलं. दोघींनीही नाही म्हटलं. तेव्हा त्या सुना होऊन आल्याच नव्हत्या. सासऱ्यांनी दोन मुलांसाठी बांधलेली ही समोरासमोरची दोन्ही घरं तेव्हा रिकामी होती, आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगाच चित्रीकरणवाल्यांच्या हाती दिला होता. पुढे टीव्हीवर उजवीकडचा जिना दिसला आणि सगळ्यांना कळलं की हे थोरलीचं घर.

अधिकारी पुन्हा छायाचित्रात डोकावला. "इथे जिन्याखाली एक खुंटी दिसतेय."

थोरलीने जिन्याखाली हात फिरवला. भिंत गुळगुळीत होती. "असेल तेव्हा. पडली असेल."

"रंग देताना बुजवली असेल," धाकटी पटकन म्हणाली.

चहा झाल्यावर त्याला समोरचं घरही बघावंसं वाटलं, सहजच. धाकटी त्याच्या आधी जाऊन दारात उभी राहिली. आत जमिनीवर टाचण्या सांडल्यात, पायात जातील, असं ती म्हणाली. त्याने तिच्या खांद्यावरून नुसती नजर टाकली. शिलाई मशीन, कापडाचे ढीग, आणि डाव्या हाताला जिना.

"हे तर अगदी उलटं घर आहे."

"सासऱ्यांनी नकाशाचे पैसे वाचवले," पलीकडच्या दारातून थोरली म्हणाली. "एकच नकाशा दोनदा वापरला, दुसऱ्यांदा पालथा धरून. मी तिकडे गेले की दर वेळी कपाळ आपटतं. इकडे मला सगळं दिसतं हो, तिकडे मी आंधळी होते."

अधिकारी धाकटीकडे वळला. त्याचा आवाज जरा खाली आला. तुमची बाजू जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे ना, असं त्याने विचारलं. तिने मान हलवली.

"तुम्हाला काही म्हणायचं असेल, तर आज म्हणा. उद्या उपयोग नाही."

धाकटीने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"चित्रात जिना उजवीकडे आहे ना? मग झालं. माझं काय, मशीन ठेवीन तिथे माझं घर."

त्याने कागदावर सही केली. निघताना स्वतःसाठी एक शर्ट मागितला, आणि खिसा उजवीकडेच हवा, हे लाजत लाजत दोनदा सांगितलं. धाकटीने त्याचं माप घेतलं.

तो गेल्यावर थोरली बराच वेळ धाकटीचा हात धरून बसली. आता दोघी इथेच राहू, म्हणाली. माझ्या खिडकीपाशी तुझं मशीन मावेल. "ताई, मशीनचा आवाज सोसेल का तुम्हाला?" धाकटीने विचारलं. तुझ्या घोरण्यापेक्षा बरा असेल, असं उत्तर आलं.

संध्याकाळी धाकटी सामान आवरायला आपल्या घरी आली. गळ्यातली टेप काढून तिने रोजच्यासारखी जिन्याखालच्या खुंटीला अडकवली. मग ट्रंक उघडली आणि तळाशी जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला पुरुषी शर्ट बाहेर काढला. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी तो याच खुंटीला लटकत होता.

तिने तो मांडीवर पसरला. कॉलर जळलेली होती. खिसा डावीकडे होता; समोरच्या आरशात तेवढा तो उजवीकडे दिसत होता, आणि मागचा जिनाही.