खंडेनवमीचं माप

नवी फोर्कलिफ्ट पहिल्याच दिवशी पेंडीच्या दोन थप्प्यांमध्ये अडकली. मागे घेतली की डावीकडची पोती फाटत, पुढे घेतली की उजवीकडची. गोदामाच्या व्यवस्थापकाने हे मोठं यंत्र स्वतः निवडलं होतं, आणि त्याच्या भरवशावर हमालांच्या टोळीला महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलं होतं.

"मी गल्ली टेपने मोजली होती," तो मुकादमावर खेकसला.

"मोजलीत ना, खंडेनवमीला," मुकादम येसाजी म्हणाला. "वजनकाट्याच्या पूजेसाठी गोदाम झाडायचं म्हणून पुढची पोती आम्हीच बाहेर काढली होती. एरवी ती दोन्हीकडून वीतभर पुढे येतात."

"तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सांगायला आलो होतो. 'हमालाने अक्कल शिकवू नये' म्हणालात. दुसऱ्यांदा कोण येतो?"

येसाजीला मनातून बरं वाटत होतं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. फाटकाशी सात ट्रक खोळंबले होते. लहान यंत्र बदलून मिळायला चार महिने लागणार होते.

"टोळीला लाव कामाला," व्यवस्थापक म्हणाला.

टोळीतले बाराही जण बसूनच राहिले.

"लहान यंत्र आल्यावरही आम्ही राहणार, असं लिहून द्या," येसाजी म्हणाला. "बाराही नावं घालून."

व्यवस्थापकाने दातओठ खात कागद ओढला. पेन पहिल्याच ओळीत थांबलं. सहा वर्षांत त्याने मुकादमाखेरीज कुणाचंही नाव विचारलं नव्हतं.

"सांग नावं," तो म्हणाला.

"त्यांनाच विचारा."