भिंतीवरची बोलणी

"तुम्हाला कोणीच फोडायला आलं नाही?" फोनवर बायकोचा आवाज चढला. "अहो, परवा निवडून आलेल्या त्या पोराला तीनदा मंत्रिपद देऊ केलं म्हणे! आणि तुम्हाला साधा फोन नाही?"

"येईल गं," असे पुटपुटून आप्पांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव होता. आमदार फुटू नयेत म्हणून पक्षाने सर्वांना विश्रामगृहात कोंडले होते. प्रत्येकाच्या दाराशी एक पहारेकरी होता. आप्पांच्या दाराशी असलेला तेवढा दुपारीच दुसरीकडे हलवला गेला. "आप्पा कुठे जातायत!" असे पक्षाध्यक्ष हसत म्हणाल्याचे त्यांच्या कानावर आले होते. सहा निवडणुका जिंकूनही मंत्रिपदाने त्यांना हुलकावणीच दिली होती. ते मिळायचे तर आधी भाव वधारायला हवा, आणि त्यासाठी कोणीतरी गळ घालायला हवी.

शेवटी आप्पांनी स्वतःहूनच फुटायचे ठरवले. विरोधकांचे आमदार मागच्याच विश्रामगृहात कोंडलेले होते. मध्ये केवळ एक भिंत होती. आप्पांनी कुंडी उपडी घातली, विजार सावरली आणि धापा टाकत भिंतीवर बैठक मारली.

तोच पलीकडून एक टक्कल वर आले. ते विरोधी पक्षाचे सर्वांत ज्येष्ठ आमदार तात्या होते. तीस वर्षे दोघांनी सभागृहात एकमेकांवर घसा फोडला होता.

"मला न्यायला आलात?" दोघांनीही एकदमच, मोठ्या आशेने विचारले.

मग दोघांच्याही माना खाली गेल्या.

"तुम्हालाही कोणी नाही?" आप्पांनी हळूच विचारले.

"नाही हो. घरून दोनदा विचारणा झाली," तात्या भिंतीवर चढून बसत म्हणाले.

आप्पांना राहवेना. ते ताठ बसले. "तात्या, आमच्या पक्षात या. मंत्रिपद देतो. बांधकाम खातं!"

"परत एकदा म्हणा," तात्या डोळे पुसत म्हणाले.

आप्पांनी परत म्हटले.

"शक्य नाही!" तात्या गरजले. "माझी निष्ठा विकाऊ नाही! त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. अर्थखातं देतो."

"जीव गेला तरी नाही!"

दोघे तृप्त मनाने आपापल्या बाजूला उतरले.

सकाळी दोन्ही विश्रामगृहांच्या दारांत दोन ज्येष्ठ नेते गहिवरून वार्ताहरांना सांगत होते, की विरोधकांच्या एका बड्या नेत्याने काल समक्ष भेटून मंत्रिपद देऊ केले आणि आपण ते ठोकरले. उभ्या राजकीय आयुष्यात दोघेही पहिल्यांदाच निखालस खरे बोलत होते.