नमुन्याचे तीन भाग

समईला वारा लागू नये म्हणून सहदेवने गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. त्याखालून वाकून एक बाई आत आल्या. आधी त्यांची चामड्याची बॅग दिसली, मग ओळखपत्र धरलेला हात.

"मृणालिनी कर्णिक. कारखाना निरीक्षक."

मरोळच्या त्या गाळ्यात पितळी नळांना मुलामा द्यायचं काम चाले. आज खंडेनवमी म्हणून काम बंद होतं. कामगारांची बायकापोरं दाटीवाटीने बसली होती, आणि मालक नंदकुमार नवा झब्बा घालून पाटावर बसले होते. ते तसेच अर्धवट उठले.

"मॅडम, वर्षाचा सण आहे. दसरा झाला की या ना. पाहिजे तर चहा घेऊन जा."

"आत्ताच बघते. त्याला तुमची परवानगी लागत नाही."

बाईंनी आवाज चढवला नाही, हेच सहदेवला जास्त झोंबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मालकांनी पूजेची मांडामांड त्याच्यावर सोपवली होती. सकाळपासून राबून त्याने गाळा धुऊन काढला होता. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते सगळं त्याने एका रांगेत मांडलं होतं. मोटर, पाने, पॉलिशचं चाक, मागच्या शेडमधून ओढत आणलेली ॲसिडची भलीमोठी काचेची बाटली, आणि तिला खेटून सायनाईडचा ड्रम. दोघांना हळदकुंकू, दोघांना झेंडूचे हार. पुढे त्याच्या बायकोने, सुगंधाने, घसघशीत रांगोळी काढली होती. आता यात कुणी नाक खुपसलं तर राग येणारच.

बाईंची नजर रांगेवरून फिरत फिरत त्या ड्रमपाशी थांबली.

"हे दोन शेजारी कोणी ठेवले?"

"मी," सहदेव छाती काढून म्हणाला. "देवापुढे कोण लांब नि कोण जवळ, असा नसता, बाई. तुमचो कायदो काय तो उद्या दाखवा. आज माझी पोरगी आरती म्हणतली."

ती पोरगी, अनुपमा, निरांजनाचं तबक मांडीवर घेऊन ड्रमलाच टेकून बसली होती. तिने आईचा पदर ओढला.

"आये, रांगोळी बघ. सोड्यासारखी फसफसतेय."

सुगंधाने वाकून पाहिलं. पांढऱ्या पाकळ्यांवर खरंच बुडबुडे येत होते. देवी पावली असं वाटून तिने डोळे मिटून हात जोडले. तिचं पाहून आणखी दोघीतिघींनी जोडले.

बाईंनी नाही जोडले. ओढत आणताना बाटली तळाशी तडकली होती. ॲसिड रांगोळी खात खात ड्रमकडे सरकत होतं, आणि ड्रमच्या तळाला गंजाचे पापुद्रे सुटले होते. मध्ये उरली होती जेमतेम वीतभर फरशी.

"सगळे बाहेर! शटर पूर्ण वर करा. मुलं आधी!"

कोणी हलेना. मालक मुहूर्ताचं काहीतरी पुटपुटले.

"हे दोन एकत्र आले की विषारी गॅस होतो," बाई म्हणाल्या. "भोपाळ विसरलात?"

मग मात्र गाळा उठला. तबक खणकन खाली पडलं. सहदेवने पोरीला खाकोटीला मारलं, बायकोला दंडाला धरून रस्त्यावर नेलं आणि तसाच मागे फिरला. आत बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. सुगंधाची उरलेली रांगोळी, अख्खी पिशवी, त्यांनी ड्रमच्या पुढ्यात ओतली होती, शेतात बांध घालावा तशी. संगमरवरी पुडीचा तो ढीग ॲसिड शोषत जोरात फसफसला, आणि ओघळ तिथेच थांबला.

"हात कोरडे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आसत."

"मग खाली गोणपाट घाला आणि ड्रम उचला. हळू."

सहदेवने आणखी एका गड्याला हाताशी घेऊन तो शेजारच्या रिकाम्या गाळ्यात नेला आणि कुलूपबंद केला. आपली पोर त्याच ड्रमला टेकून बसली होती, आणि तिला तिथे बसवलं होतं आपणच, हे आता त्याच्या डोक्यात शिरलं. तो फूटपाथवर मटकन बसला.

बाईंचं काम चालूच होतं. सांडलेल्या ॲसिडचा नमुना त्यांनी तीन बाटल्यांत भरला, तिन्हींना लाखेची मोहोर केली. "एक तुमच्याकडे, एक तपासणीला, एक कोर्टासाठी. आणि मी सांगेपर्यंत आत कोणी जायचं नाही, काही हलवायचं नाही." मालकांनी आपली बाटली नव्या झब्ब्याला लागू नये म्हणून लांब धरली.

पूजा रस्त्यावरच झाली. सहदेवच्या खिशात एक पाना निघाला, तो सुगंधाने विटेवर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला नारळ फोडला. अनुपमाने आरती म्हटली, मधलं एक कडवं विसरली. बाई शटरच्या कुलपापाशी कागद लिहीत उभ्या होत्या, पण आरती संपेपर्यंत पेन थांबलं होतं.

सहदेव त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा पुढे केला.

"नको हो," बाई म्हणाल्या. "कारखान्यातून मला काही घेता येत नाही. नमुन्याशिवाय."

सहदेवने हात मागे घेतला नाही.

"मग नमुनो घ्या ना, बाई. त्येचो तुमका अधिकारच आसा."

बाई आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्यांनी खोबरं घेतलं आणि मोडून त्याचे तीन भाग केले. एक मालकांच्या हातावर ठेवला. एक स्वतःच्या तोंडात टाकला.

"हा कोर्टाचा," असं म्हणून त्यांनी तिसरा अनुपमाच्या तळहातावर ठेवला.