मिलची बोली

"पोरीले स्वयंपाक, शिवण, सारंच येते जी," गणपतराव म्हणाले आणि त्यांना स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला. दोन वर्षांत हे वाक्य ते सहाव्यांदा म्हणत होते.

आधीची पाच स्थळं लतिकाच्या उजव्या कानावर अडली होती. लहानपणी टायफॉइडमध्ये तो गेला तो गेलाच. दर वेळी रुख्मिणीबाई पाहुण्यांना खरं सांगून टाकत, आणि मग पोह्यांच्या बशा तेवढ्या विसळायला उरत.

आज भिवापूरहून मुलाचे मामा नत्थूजी आणि आई सिंधूताई आल्या होत्या. मामा बोलघेवडे. सिंधूताईंनी मात्र आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. भिंतीला टेकून त्या ज्याच्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. रुख्मिणीबाईंनी बाजूला उभं राहून दोनदा विचारलं, "साखर अजून टाकू काय?" उत्तरच नाही. बाई ताठ्याची दिसते, असं गणपतरावांच्या मनात आलं.

रुख्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दोघा नवराबायकोची उमर मिलमध्ये गेलेली. तिथल्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो. नुसते ओठ हलवायचे, जोडीला बोटं. पाहुण्यांसमोर ही बोली त्यांच्या फार कामी येई.

'कानाचं सांगून टाका न,' रुख्मिणीबाईंचे ओठ हलले.

गणपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. 'नाही. लग्न झाल्यावर समजलं तं समजलं.'

'पोरीचे हाल होतीन.'

'मी थकलो वं. आता चूप राय.'

त्यांनी नजर खाली वळवली. ते खरंच थकले होते.

"मंग, काही सांगाचं राह्यलं काय गणपतराव?" नत्थूजींनी विचारलं.

"काही नाही जी. ठणठणीत आहे पोरगी."

"बस, झालं तं! आमच्याकडून पसंतच समजा. ताई बोलत नाही, पण तिले पोरगी आवडली. तिच्या चेहऱ्यावरूनच समजते मले."

गणपतरावांना एकदम भरून आलं. दारातल्या रुख्मिणीबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या पदराचा अर्थ काय लावायचा, ते गणपतरावांनी आज बघितलंच नाही. पाहुण्यांना पोचवायला ते नाक्यापर्यंत गेले. नत्थूजींनी त्यांना मिठी मारली, आठवड्यात पत्र टाकतो म्हणाले आणि रिक्षात बसले.

रिक्षा निघाली. सिंधूताईंनी मागे वळून गणपतरावांकडे पाहिलं आणि हात आडवा हलवला. मग त्यांचे ओठ हलले, अगदी सावकाश, आवाज न काढता.

'नाही, भाऊ. माहे दोन्ही कान मिलमध्येच गेले. तुमच्या पोरीचा एक चालला असता.'